ओळ एकशे बारा

हापसालूत दुपारी तीनलाच अंधार उतरतो.
लेलोनं दिवा लावला, लिंटर चालवला,
आणि पडद्यावर पिवळ्या ओळी
मुंग्यांच्या शिस्तीत निघाल्या:

पॅरॅमपुढे वर्णन नाही.
रिटर्न्स लिहिलंय, परत काहीच येत नाही.
टॅगच्या नावात एक अक्षर कमी.
एकूण दोनशे सदतीस.

ती एकेक निस्तरत गेली.
हा लिंटर म्हणजे शाळेतला तो मास्तर,
निबंधात घर जळत असलं
तरी आधी वेलांटी दुरुस्त करणारा.

मग ओळ एकशे बारा.
फंक्शन छोटंच: बर्फाची जाडी द्या,
गोठलेल्या समुद्रावरून बेटापर्यंत
किती वजनाची गाडी सोडायची, ते सांगतं.
वर टिप्पणी:
‘पॅरॅम लुमी: वर साठलेलं भुसभुशीत हिम, सेंटिमीटरमध्ये.
पांघरूण जाड, तर खालचं कच्चं.
शंका आली तर भोक पाडून बघा. एंडेल.’

लिंटर म्हणाला,
लुमी नावाचं इथे कुणी राहत नाही.
ओळ काढून टाकू?

खरंच, कंसात एकटी जाडी.
चार वर्षांपूर्वी कुणीतरी लुमीला बाहेर काढलं,
कारण लिहिलं, ‘आवराआवर’.
दारावरची पाटी तेवढी उतरवायची राहिली.

टिप्पण्या खोटं बोलतात,
हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
कोड पुढे जातो, त्या जुनंच पुटपुटत बसतात.
बोट कळीवर होतंच.

पण बापाची व्हॅन आठवली. ती सात वर्षांची.
पट्टा सोडलेला, बर्फावर बांधायचा नसतो म्हणून,
आणि बाप रेडिओ बंद करून
चाकांखालचं ऐकत होता,
जेवणाच्या ताटावर कुणी रागावलंय का
ते ऐकावं तसं.

तिनं एंडेलच्या घरी फोन लावला.
मायमू म्हणाली, तो कुठला घरात,
गिरमिट घेऊन खाडीवर गेलाय सकाळीच.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, सांग तूच त्याला.

लेलोनं कंसात लुमी परत लिहिलं.
नुसतं नाव. आतलं गणित अजून कोरंच.
लिंटर पुन्हा चालवला:
एकशे बारा, हिरवी.
नाव जुळलं, त्याचं काम झालं.

ती त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिली.
बाहेर, खाडीवर,
पडतच होतं.