मागची काच

आधी तपकिरी आलं.
नव्या टाकीला येतंच ते, बोटानं पुसलं की निघतं,
चहाच्या पातेल्याला धरलेल्या रंगासारखं.
मी काही घाबरले नाही.
सव्वीस वर्षं महापालिकेच्या पाण्याचे नमुने तपासलेत,
कृष्णेचं पावसाळ्यातलं गढूळ, उन्हाळ्यातलं हिरवट,
काचपट्टीवर एकेक थेंब
आणि थेंबात काय काय वळवळणारं.
तिथं उपाय सोपा होता, ब्लीचिंग.
इथं आठ मासे आहेत.

मग हिरवे ठिपके, जोंधळ्याहून बारीक, काचेला घट्ट.
मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं खरवडले.
बँकेचं नाव झिजलं, ठिपके गेले.
मग केस.
पातीपातीवरून लोंबणारे, मऊ,
जुन्या टूथब्रशला गुंडाळून काढले शेवयांसारखे.
आणि शेवटी ती काळी दाढी,
फिल्टरच्या तोंडाशी, दगडाच्या कडेला,
जिला ब्रश लागत नाही, नख लागत नाही.

फोटो घेऊन कुपवाडला तौफिक मुलाणीच्या दुकानात गेले.
त्यानं मोबाईल सावलीत धरला, मोठा करून पाहिला.
"काळ्यावर सिरिंजनं पेरॉक्साईड सोडा, फिल्टर बंद करून.
पण मॅडम, लाईट किती तास असती?"
सहा.
"आणि खाणं?"
सकाळी एकदा. चिमूटभर.
तो हसला नाही.
"सहा तासांत एवढं येत न्हाई ओ."

परत येताना रिक्षात मी बेरीज करत होते.
दिवा सहा. चिमूट एक.
नमुना खोटं बोलत नाही, आमचे जुने केमिस्ट म्हणायचे,
खोटं बोलतो तो लेबल लिहिणारा.
लेबल मीच लिहिलं होतं.

रात्री अडीचला उठले.
हॉलमध्ये निळसर उजेड.
हे खुर्चीत, बनियनवर, मांडीवर खाण्याचा डबा,
मासे काचेला तोंड लावून रांगेत,
रिंगफ्रेमवर बॉबिन लावल्यासारखे.
बत्तीस वर्षं सूतगिरणीत रात्रपाळी.
गिरणी सुटून चार वर्षं झाली,
अंगातला भोंगा अजून साडेदहाला वाजतो,
आणि मला वाटत होतं
गोळी लागू पडली, झोपतात आता.

काही बोलले नाही. पाणी पिऊन आत गेले.

रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदललं.
फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळला,
नळाखाली धरला तर कामाचे जंतू मरतात.
दाढीवर सिरिंज. बुडबुडे आले.
दोन दिवसांत ती गुलाबी पडली, मग राखाडी.
मग टाकीला सोलापुरी चादर लपेटली.
तीन दिवस दिवा नाही, दाणा नाही.

"माशांना चालतं?" त्यांनी विचारलं.
चालतं.
"तीन रात्री?"
तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं.

पहिल्या रात्री ते चादरीसमोर बसले.
दुसऱ्या रात्री मीही खुर्ची ओढली.
मोटरचा तेवढा आवाज.
त्यांनी सांगितलं, अंधारात, टाकीकडे तोंड करून,
तुटलेला धागा चालत्या चातीवर कसा जोडायचा:
अंगठा, तर्जनी, एक पीळ, सोडून द्यायचं.
ओढायचं नाही.
लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे मला ठाऊक नव्हतं.
मी दिवसाला, ते रात्रीला.
सकाळी साडेसातला दारात भेटायचो,
रिकामा डबा घेता, भरलेला उचलता.

चौथ्या दिवशी चादर काढली.
पाणी नितळ. मासे जरा बावरलेले.
पुढची काच घासली, दोन्ही बाजू घासल्या.
मागची तशीच ठेवली,
गोगलगायींना चरायला काहीतरी हवं, तौफिक म्हणाला होता.

आता टायमर आहे, दुपारी चार ते रात्री दहा.
खुर्च्या दोन्ही तिथंच.
एखाद्या रात्री चिमूट जास्त पडते.
मागच्या काचेवरून कळतं मला.
विचारत नाही.