काशा की कासा

डावा कान द्यायचा की उजवा,
हे डॉक्टरांनी माझ्यावर सोडलं,
रविवारच्या रश्श्यासाठी कोंबडी निवडायची असावी तसं.

उजवा केव्हाच गेला होता.
डाव्यात तळाशी थोडं उरलं होतं:
आपटलेलं दार, ट्रामची घरघर,
आणि बंदरातून निघणाऱ्या बोटीचा भोंगा,
रजईखालून ऐकू यावा तसा.
डाव्याला शिकवणं सोपं जाईल, ते म्हणाले,
पण उरलंसुरलं बहुधा जाईल.

एकवीस वर्षं मी गदान्स्कच्या गोदीत क्रेन चालवली.
खाली पत्र्यांवर घण पडायचे,
वर मी काचेच्या खोक्यात,
कानात कापसाचे बोळे घालून चहा प्यायचे.
कापसानं काय होतंय.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी
झेनोनला न सांगता धक्क्यावर गेले.
फेब्रुवारी. कठडा इतका गार की हातमोजा चिकटला.
सहाची बोट सुटली, भोंगा वाजला,
आणि डाव्या कानानं तो
शेवटच्या घासासारखा घोळवून घेतला.
मग बराच वेळ उभी राहिले,
आणखी एखादी निघेल म्हणून.
निघाली नाही.

कानामागचे केस काढले, मूठभर.
नर्सनं ते पाकिटात घालून दिले.
मी मागितले नव्हते.

नंतरचा महिना टाक्यांचा,
जिभेवर सतत नाण्याची चव,
आणि शांतता नव्हे, चक्क काहीच नाही.
झेनोन पाटीवर खडूनं लिहायचा:
सूप. गोळी. याद्विगा, तुझ्या बहिणीचा फोन.
भांडणही लिहूनच,
खडू मोडेपर्यंत.

यंत्र सुरू करायच्या दिवशी
मुलगा मोबाईल धरून समोर बसला,
आई रडेल म्हणून.
कालिना नावाची चुणचुणीत पोरगी,
तिनं कळ दाबली आणि काहीतरी म्हणाली.
मला ऐकू आलं ते
पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसं.
झेनोन बोलला: तेच खिळे, जरा जाड.
"एवढंच?" मी विचारलं,
तर माझाही आवाज खिळ्यांचाच.
मुलानं मोबाईल खिशात घातला.

आता रोज सकाळी तासभर शाळा.
झेनोन तोंडापुढे वर्तमानपत्र धरतो
आणि विचारतो, काशा की कासा?
काशा म्हणजे लापशी, कासा म्हणजे गल्ला.
मी म्हणते लापशी. तो मान हलवतो.
मी म्हणते गल्ला. तो परत मान हलवतो.
त्यानं तिसराच शब्द वाचलेला असतो, बदमाश.

कानामागची चकती चुंबकानं धरून राहते.
परवा वाकले, तर ती सुटून
फ्रिजच्या दाराला जाऊन बसली.
फ्रिज ऐकत राहिला, मी नाही.
जन्मभर मी लोखंड उचललं,
आता लोखंड मला ओढतं.
घरात कोणी नव्हतं, एकटीच हसले.
ते हसणंही फ्रिजनंच ऐकलं असेल.

रात्री चकती काढून बशीत ठेवते.
ती वेळ माझी.
तिची कोणी कीव करू नये.

जूनमध्ये एकदा खिडकीशी बटाटे सोलत होते.
पाठीमागे खिळे हलले, नेहमीसारखे,
आणि हलता हलता त्यांचं वाक्य झालं:
"मीठ कुठे ठेवलंय या बाईनं?"

म्हणजे अकरा वर्षं हा माणूस
माझ्या पाठीमागे पुटपुटत होता तर.
न वळता म्हटलं,
"पावाच्या डब्यामागं."

त्याच्या हातून पळी पडली.
टण्ण नाही झालं.
कुठलासा पक्षी ओरडला, बारीक, हिरवट.
मी मनात लिहून घेतलं:
पळी. फरशीवर. अशी.