अठ्ठावन्न एमएम

तापकीर गल्ली, दुसरा मजला.
केळशीकर आधी विचारतात, "थ्रेड केवढा?"
मी बाबांची पन्नासची लेन्स पुढे ठेवते.
ते ट्यूबलाइटकडे धरतात:
"बुरशी लागलीय. कडेलाच. चालेल अजून."

यूव्ही दाखवत नाहीत.
"नुसती काच ती. विकतो, पण तुम्हाला नको."
पोलरायझर हातात देतात:
"काउंटरकडे तिरकं बघा. फिरवा. हळू."

काचेतली ट्यूबलाइट विझते,
माझा चेहरा विझतो,
आणि खाली दिसायला लागतात
जुनी झाकणं, एक पट्टा,
कुणीतरी न्यायचं राहिलेलं
फोटोंचं पाकीट.

"दीड स्टॉप उजेड खातो हा," ते म्हणतात,
"तेवढा द्यावाच लागतो."

उद्या मुठेच्या पाण्यावर बघेन, म्हणते.
पावती फाडताना विचारतात, "नाव?"
तोंडातून
बाबांचंच निघतं.