काटा

हॉटेलच्या लॉबीत, काउंटरच्या डाव्या हाताला
एक काटा ठेवलाय.
बिडाचा, कमरेएवढा, वर पितळी दांडी.
पितळ मी पुसते, दर मंगळवारी, लिंबू लावून.
शेजारी पाटी : जुन्या साखर कारखान्याची आठवण.
पाहुणे त्यावर उभे राहतात, ठोकळा सरकवतात,
सुट्टीत वजन घटलं म्हणून खूश होतात.

मी काही बोलत नाही.
या गणवेशाला बोलायचा पगार नाही.

माझा आजा इग्नेशस या काट्यावर बसायचा.
अख्ख्या दरीत आकडे वाचता येणारा तो एकटा,
म्हणून खुर्ची मिळाली. छत्रीही.
मोजायचा क्वेयोलमध्ये, यॉन, दे, त्वा,
वहीत उतरवायचा इंग्रजीत,
आणि मोळ्या घेऊन उन्हात उभे असायचे
त्याचे सख्खे, चुलत, मावस, सगळे.

आमचं बेटच तसं.
चौदा वेळा झेंडा बदलला.
खाड्यांची नावं फ्रेंच राहिली, कोर्टातली शपथ इंग्रजी झाली,
आणि वर्गात चुकून आईची भाषा तोंडातून निसटली
तर पट्टी पडायची
दोन्ही राजांच्या वतीने.

ऊस गोड लागला, तो त्यांनी मुळासकट खाल्ला.
मग मुळांच्या खड्ड्यांत केळी लावायला सांगितली.
केळी हिरवी असतानाच बोटीत चढायची,
पिकायची तिकडे, थंडीत, कुणाच्या तरी टेबलावर.
एक दिवस बोट म्हणाली, परवडत नाही.
आता आम्ही टॉवेलांचे हंस करतो.
मी दिवसाला बावीस हंस करते.
मान वाकवायची युक्ती असते.

आजा कोकोच्या चहात साखर घ्यायचा नाही.
आम्हाला वाटायचं, दात.
जायच्या आधीच्या पावसाळ्यात, रेडिओ बंद करून, म्हणाला :
"शंभर रत्तल चढवले की तो त्र्याण्णव सांगायचा.
मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."
पुढे काही नाही.
छपरावर पाऊस, आणि त्याचा अंगठा
गुडघ्यावर ठोकळा सरकवत होता,
पुढे, मागे.

मापात पाप, म्हणतात.
पण वही कुणाची, आणि अक्षर कुणाचं?
ते सात सात रत्तल कुठे गेले असतील?
एखाद्या धुकट गावात जिना झाले असतील,
पियानोचे पाय,
कुणाच्या नातीच्या शाळेची फी.
माझ्या शाळेची फी आज्याच्या खुर्चीतून आली.
हेही लिहून ठेवायला हवं,
आणि त्याच वहीत.

काल रात्रपाळी संपल्यावर लॉबीत कुणी नव्हतं.
चपला काढल्या, चढले.
दवाखान्यात मी एकशे चाळीस.
काट्याने एकशे तीस सांगितले.
इतकी वर्षं, इतके हात लागले,
तरी त्याची सवय गेली नाही.
मी उतरले. दांडीवर बोटांचे ठसे उमटले होते.
पुसले नाहीत.

सकाळी बाजारात क्लोतील्दकडे खारा मासा घेतला.
चारी बाजूंनी समुद्र, आणि आमचं राष्ट्रीय जेवण
उत्तरेकडून पेटीत भरून आलेलं.
मळेवाल्यांनी गुलामांसाठी स्वस्तात मागवलेला गाळ,
रात्रभर भिजवावा तेव्हा मीठ सोडतो.
आता महाग झालाय.
आणि खोटं कशाला बोलू, त्याच्याशिवाय रविवार वाटत नाही.

क्लोतील्दने तोलला. तिचाही काटा जुनाच.
पारडं थांबायच्या आत तिने
फिगच्या घडातली दोन हिरवी फळं तोडून
माझ्या पिशवीत टाकली.
"वजनात धरलं नाहीस," मी म्हटलं.
"धरायचं नसतं," ती म्हणाली, क्वेयोलमध्ये,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.