तेरा अंश आधी

भोसरीत, लांडेवाडीच्या मागच्या गल्लीत
शिकलगार मिस्त्री पंपाचा पाइप सोडवून
तिथं बदकाच्या मानेसारखी वाकडी नळी लावतात.
मला म्हणतात, फ्लायव्हील फिरव. हळू. अजून हळू.
थेंब पडतोय.
थेंब पडतोय.
थेंब लांबला, लोंबला,
राहिला.
"इथं," म्हणतात, "इथून पुढं आत जाणार."
मी खडूची खूण बघते. अकरा अंश.
हवे होते तेरा.

दोन अंशांनी काय होतंय, असं मी पूर्वी म्हणायचे.
आयटीआयला पेट्रोलवर शिकले ना.
तिथं पेट्रोल बंद व्हॉल्व्हच्या उंबऱ्याशी येऊन बसतं,
लग्नाला दोन तास आधी पोचलेल्या मामासारखं.
जरा लवकर, जरा उशिरा, कुणी मनावर घेत नाही.
हवेत मिसळतं, आत जातं, वाट बघतं.
मुहूर्त ठिणगीकडे.

डिझेलला भटजी नाही.
आत नुसती हवा, दाबून दाबून रागानं तापलेली,
आणि आपण टाकू तोच मुहूर्त.
तरी टाकल्याटाकल्या पेटत नाही ते,
एक श्वास घेतं.
तो श्वास धरून आधी टाकायचं.

फारच आधी टाकलं
तर वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यात हाणतं,
पत्र्याच्या डब्यात खिळे खडखडावेत तसं.
उशीर झाला तर पिस्टन खाली निघालेला,
आग त्याच्या मागं धावते, गाठत नाही,
सायलेन्सर तापतो, मागं धूर,
आणि खेसे म्हणतात, चढाला दम नाही हो, टाकी मात्र पिते.

तीन नट सैल. पंप केसभर इंजिनकडे.
नळी, थेंब, खडू. तेरा.
मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवतात,
मूठ कानामागच्या हाडाला.
डावा कान गेला त्यांचा, हाड अजून शाबूत आहे.

संध्याकाळी जुन्या कात्रज घाटात,
मागं खेशांची चाळीस पोती कांदा,
तिसरा गिअर न बदलता आम्ही दोन वळणं चढलो.
मिस्त्रींचा तळवा डॅशबोर्डवर.
"दुकान तू बघशील का पुढं?"
समोरच्या रस्त्याला विचारावं तसं विचारलं.

मी हो म्हटलं
तेव्हा तिसरं वळण आलं होतं.
ते डोळे मिटून
इंजिन ऐकत होते.