लेव्हल उणे एक मीटर दहा

वेंगुर्ला बंदराच्या अंगाला
बर्फाचा कारखाना, सोळा वर्षं बंद.
केळुसकर, जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनियर,
म्हणाले, इथं राहायचंय.
काही झाकू नका. पाइप दिसू देत.
लोखंड लोखंडासारखं.
मी वहीत लिहिलं : कच्चं.
आणि खाली दोन रेघा.

टेप धरायला पास्कू,
ट्रॉलरचे पंखे, नांगर वेल्ड करणारा.
जमिनीपासून कैचीपर्यंत सहा मीटर चाळीस.
मधे सगळी हवा,
आणि हवेत अजून अमोनियाचा एक धागा,
नाकाआधी डोळ्यांना कळणारा.

मी मजले टांगायला घेतले.
ड्रॉइंगवर 'मेझनीन' लिहिलं.
पास्कूनं अक्षर अक्षर लावून वाचलं.
"म्हंजे माळो."
होय, माळो.
त्यावर पलंग, पुस्तकं, जाळीची जमीन,
झोपलेल्याला खालचा दिवा दिसेल अशी.
आणि त्याच्याही वर अर्धा मजला,
एका खुर्चीपुरता,
जिथली कौलं काढून काच बसवायची.
(केळुसकरांनी विचारलं, खुर्ची कुणाची?
मी म्हटलं, जो आधी चढेल त्याची.
ते एकटेच राहणार होते.)

भिंत खरवडली.
चुन्याचे थर, मधेच कुणाचा तरी निळा,
मग जांभा, भोकाभोकांचा, ओलसर,
वाळवणातल्या तिसऱ्या दिवशीच्या सोलांसारखा.
केळुसकर हात फिरवत राहिले.
तळवा लाल झाला, तो त्यांनी पँटला पुसला नाही.

लोखंडावरून मात्र भांडण.
मला हवं होतं उघडं,
वेल्डचे मणी दिसणारं, वर नुसतं मेण.
पास्कू वाद घालत नाही.
त्यानं एक पट्टी कापली,
घासून घासून चांदीची केली,
खिडकीत ठेवली.
"आयतवाराक बघूया."
रविवारी तिच्यावर नारिंगी पुरळ.
"खाऱ्या वाऱ्याक कच्चा नि पक्का कळणा नाय, बाय.
तो खाताच."

दोन रेघा खोडल्या.
बीमला जस्त, वर राखाडी रंगाचे दोन हात,
बोटीला लावतात तोच.
फक्त जिन्याचा कठडा सोडला.
तिथं रोज हात फिरेल,
हाताचं तेल पुरेल, असं पास्कूचं म्हणणं.
आणि नाही फिरला तर?
तर गंजेल, म्हणाला,
मग कळेल की घरात कोण चढत-उतरत नाही.

राहिली टाकी.
जमिनीत एक मीटर दहा खोल,
मिठाच्या पाण्याची,
जिच्यात पत्र्याचे डबे सोडून लाद्या धरायचे.
माझ्या डोक्यात बैठक होती,
तीन पायऱ्या उतरून, गाद्या, एक कमी उजेडाचा दिवा.

त्या दिवशी गिरप आले. कुणी बोलावलं नव्हतं.
हातात बांगड्यांची पिशवी,
तिच्यातून थेंब थेंब.
सत्तावीस वर्षं या यंत्राचे ऑपरेटर.
काठावर चपला काढल्या.
ड्रॉइंग त्यांच्यासमोर धरलं,
त्यांनी ते बघितलं नाही.
"हयसर बसान काय करतलात?"
"गजाली," केळुसकर म्हणाले.
गिरप हसले, खोकल्यापर्यंत हसले.
"हयसर? हयसर फकत दातांची गजाल चलायची."

मग पिशवी पास्कूकडे देऊन
गुडघा धरत उतरले,
आतल्या भिंतीवर बोट ठेवलं.
मला ते आजवर ओल वाटलं होतं :
चारही बाजूंनी फिरलेली एक पांढरी रेघ.
"पाणी हयपावत. ह्येच्या खाली गेला
की बोटवाले शिव्या घालीत येयत."

तळापासून मोजलं. चौऱ्याऐंशी सेंटीमीटर.
माझ्या पायऱ्या त्या रेघेशी जुळत नव्हत्या.
पुन्हा काढल्या. तीनच्या चार झाल्या,
एक दुसऱ्यांपेक्षा बुटकी,
पाय अडखळेल अशी.
पास्कूनं टेप सोडला, तो सरकन आत गेला.

गिरप तळाशीच बसले होते, पाठ भिंतीला.
"थंड आसा," म्हणाले.
मे महिना, दुपारचे दोन.
कुणी काही बोललं नाही.
मी कागदाच्या कोपऱ्यात टीप घातली :
सदर रेषा पुसू नये,
रंगारी नवा असल्यास आधी सांगावे.