इतिवृत्त

पाणी लाल नव्हतं, हे आधी सांगतो.
नाव लाल भरती, पण आमच्या खाडीत, चिलोएच्या त्या टोकाला,
ते नेहमीसारखंच होतं, शिळ्या चहाच्या रंगाचं,
आणि शिंपले नेहमीसारखेच गुबगुबीत.
वासही तोच. तिथंच तर मेख होती.

प्रयोगशाळेचा कागद मंगळवारी आला.
बुधवारी संघाचा अध्यक्ष मुख्य भूमीवर गेला, दाढ दुखते म्हणून,
आणि मग त्याचा फोनही दुखायला लागला.

उरली एदेलमिरा वेन्तेओ, चिटणीस.
अकरा वर्षं ती कोपऱ्यात बसून
आमचं बोलणं वहीत उतरवायची,
शिव्या गाळून, व्याकरण सुधारून.
तिचा स्वतःचा आवाज आम्हाला ठाऊक होता तो
"जरा हळू बोला" एवढाच.
शिक्का मात्र तिच्याकडे असे,
शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली.

गुरुवारी रात्री ट्रक आला. व्यापारी खाली उतरलासुद्धा नाही.
काच अर्धी करून म्हणाला,
पावतीवर खाडीचं नाव तेवढं दुसरं टाका, शिक्का मारा,
उकळलं की सगळं मरतं.
माझ्या होडीत चाळीस पोती होती.
खोटं कशाला बोलू, मला ते पटायला हवं होतं.
तिच्या सख्ख्या भावाच्या होडीत साठ.

ती उठली, बसली, पुन्हा उठली.
"मी अध्यक्ष नाही," म्हणाली.
"नियम मला नीट माहीत नाहीत.
माझं चुकतही असेल.
कागदच चुकीचा निघावा म्हणून दोन रात्री मी
देवाकडे पदर पसरलाय.
पण रविवारी रुपेर्तिनोच्या ओठांना मुंग्या आल्या,
आणि सोमवारी आपण त्याचे बूट त्याच्या बायकोला नेऊन दिले.
उकळूनच खाल्ले होते त्याने.
मी शिक्का मारणार नाही."

'नाही'वर आवाज फाटला.
कुणी टाळी वाजवली नाही.
मागून एकजण ओरडला, "तुझं पोट भरलेलं दिसतंय!"
तो मी होतो.
तिने मान हलवली, नोंद घेतल्यासारखी.

ट्रक पलीकडच्या खाडीकडे वळला. सगळ्यांनी पाहिलं,
आणि सगळे आपापल्या चुलीपाशी गेले.
तिनेही जायला हरकत नव्हती. आपल्यापुरतं झालं होतं.

रात्री दीड वाजता माझं दार वाजलं.
"तुझ्या होडीत डिझेल आहे ना?
मला साधा कप धरवत नाहीये, सुकाणू कसं धरू?"
मीच का, विचारलं.
"सगळ्यात जास्त तू चिडलास," म्हणाली,
"म्हणजे तुला कळलंय."

वाटेत ती दोनदा ओकली.
जन्म समुद्रावर गेलेली बाई.
मधेच म्हणाली, "मला वाटायचं,
असं करणारी माणसं आतून वेगळ्या मातीची असतात."
मी उत्तर दिलं नाही. एका हाताने सुकाणू,
दुसऱ्या हाताने पोतं, आणखी एक पोतं.
पाण्याचं पाण्याला.

पलीकडे कुत्री भुंकली, कंदील आले, एकाच्या हातात वल्हं.
तिने तेच वाक्य म्हटलं. त्याच शब्दावर आवाज फाटला.
काहींनी माल उतरवला. काहींनी भरला.
वल्हंवाला बराच वेळ उभाच होता.

संघाची वही मी नंतर पाहिली.
त्या पानावर एकच ओळ: शिक्का नाकारला.
डावीकडे बोलणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे,
ती जागा तिने कोरी सोडली होती.

मी लिहिलं. माझं अक्षर म्हणजे खेकडा चालून गेल्यासारखं,
आणि तिच्या आडनावातलं पहिलं, मुकं अक्षर
माझ्याकडून राहून गेलं.

व्याकरणाची एवढी काटेकोर बाई,
पण ते तिने अजून दुरुस्त केलेलं नाही.